उंबऱ्याची हळद

“हान की रं! भितोस व्हय? हान आईला!”

आबांनी ओसरीवरून हाळी दिली आणि अडीच वर्षांच्या भिमाने पाय रोवून हात उगारला. उन्हाळ्याची चूल अंगणात मांडलेली होती आणि द्वारका परातीत पीठ मळत होती. दोन्ही हात पिठात, त्यामुळे अडवायची सोय नव्हती. टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. हात एवढासा, पण गाल चांगलाच चुणचुणला.

ओसरीवर हशा पिकला. कऱ्हाटीहून खोंड बघायला आलेले दोन पाहुणे मांड्या थोपटून हसले. सासू कुशाबाई हसली, तिच्या सवयीप्रमाणे तोंडावर पदर धरून. आबांनी कोपरीच्या खिशात हात घातला, तंबाखूच्या चंचीखालून गुळाचा खडा काढला आणि नातवाच्या तोंडात टाकला.

“बापाचा हात हाय, बापाचा!” ते पाहुण्यांना म्हणाले. “ह्यो कुनाला दबायचा न्हाय.”

भिमाने गूळ चघळत पुन्हा एकदा आईकडे बघितलं. आणखी एक दिली तर आणखी एक मिळेल का, असा सरळ हिशोब त्याच्या डोळ्यांत होता. त्यात त्या लेकराचं काय चुकलं? जगाने जे दाखवलं ते त्याने बघितलं.

एवढ्यात पाहुण्यांपैकी एक जण उठून दावणीकडे गेला आणि गमतीने गोऱ्ह्याचं कपाळ तळव्याने मागे ढकलू लागला. आबा वीज पडल्यासारखे उठले.

“ओ पाव्हणं! कपाळाला हात लावू नगा! ढकलायचा नाद लागला की जल्माचं मारकं हुतं जनावर.”

पाहुणा ओशाळून मागे सरला. मानसिंग आबांच्या दावणीचं जनावर मारकं निघत नाही, ही ख्याती इंदापूरपर्यंत होती आणि ती अशी जपलेली होती. द्वारकाने गालावरचं पीठ पुसता पुसता ते ऐकलं. त्या दिवशी नुसतं ऐकलं.

ही गोष्ट छप्पन सालची. कन्हेरीच्या शिवारात कालव्याच्या पाण्यावर आबांचा माळव्याचा मळा होता. वांगी, गवार, मेथी, बांधाला पेरूची झाडं. घरात आबा, कुशाबाई, सून द्वारका आणि तिची दोन मुलं. दुसरीही मुलगीच झाली म्हणून जिचं नाव नकोशी ठेवलं ती सात वर्षांची. पहिली, कौतुकाची, गोवराने गेली. नको म्हटलेली राहिली आणि आता घरातलं निम्मं काम तीच करायची. तिच्यापाठी भिमा.

भिमाचा बाप सर्जेराव येरवड्याच्या तुरुंगात होता. पाहुण्यांनी विचारलं तर आबा “पुन्याला हाय” एवढंच म्हणायचे, आणि शहाणा पाहुणा पुढे विचारायचा नाही. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. शेजारच्या मळ्यातला भावकीतलाच सोपान, त्याने सर्जेरावची पाळी संपायच्या आधी पाटाचं दारं स्वतःच्या मळ्याकडे फिरवलं, असं सर्जेरावला वाटलं. सोपानने खरंच फिरवलं होतं की नाही, हे कुणालाच कधी कळलं नाही, कारण विचारायच्या आधीच सर्जेरावने खोरं त्याच्या डोक्यात घातलं होतं. सोपान वाचला. पण त्याच्या उजव्या हातातली ताकद गेली ती गेलीच, भाकरीचा तुकडा मोडायचा तर डाव्या हाताने. सर्जेरावला चार वर्षं सक्तमजुरी झाली.

गाव म्हणालं, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. खरंच आहे. पण पाळण्याची दोरी कुणाच्या हातात होती, ते गाव बघत नाही.

द्वारकाला नवऱ्याचा हात काही नवा नव्हता. कालवणात मीठ कमी पडलं की ताट अंगणात जायचं. कधी ताटामागोमाग तिच्यावरही हात यायचा. आणि संध्याकाळी तोच माणूस बारामतीहून तिच्यासाठी बांगड्या घेऊन यायचा, मान खाली घालून. तिला खरा संताप यायचा तो त्या बांगड्यांचा.

एकदा भिमाला घेऊन ती आबांबरोबर त्याला भेटायला गेली. बारामतीहून दौंडपर्यंत छोटी गाडी, तिथून पुढे पुण्याची मोठी. जाळीपलीकडे सर्जेराव उभा होता, केस कापलेला, गालफडं बसलेली. आबांनी मोठ्या हौसेने सांगितलं, “पोरगं तुज्यावर गेलंया बग. मला हानतंय, आईला हानतंय. कुनाला भीत न्हाय.”

सर्जेराव हसेल म्हणून ते थांबले. तो हसला नाही. आबा शिपायाशी काही बोलायला बाजूला गेले तेव्हा तो आपल्या मुठीकडे बघत द्वारकाला हळूच म्हणाला, “सोपानला मारायचं माझ्या मनात न्हवतं. आदी हात उठतुया, मागनं मला कळतंया. ल्हानपनापासनं असंच हाय. कुटं दुखलं, कुटं लागलं, की हात उठतो. समोर कोन हाय ते दिसतच न्हाय.”

परतीच्या गाडीत मांडीवर झोपलेल्या भिमाचा हात तिने आपल्या मुठीत धरला आणि बारामती येईपर्यंत सोडला नाही.

आपल्याकडे लेकरू पडलं की एक रीत आहे. गरीब-श्रीमंत, सगळ्या घरांत. भिमा उंबऱ्याला अडखळून पडायचा, भोकाड पसरायचा, आणि कुशाबाई हातातलं काम टाकून धावायची. “कुनी मारलं माझ्या राजाला? ह्या उंबऱ्यानं? थांब मेल्या, तुला दावतीच!” मग उंबऱ्याला दोन चपराका. भिमाही एक द्यायचा. रडं थांबायचं, आजी-नातू हसायचे, निकाल लागायचा. उंबरा काही फिर्यादीला जात नाही. शुक्रवारी त्याच उंबऱ्याला हळदीकुंकू लावायचं आणि बाकीचे दिवस मारायचं, यात कुशाबाईला काही वावगं वाटत नव्हतं. तिच्या सासूनेही असंच केलं होतं.

एके दिवशी दुपारी कुशाबाई मळ्यात होती. नकोशी ओसरीवर मेथी निवडत बसली होती, शेजारी खुरपं पडलेलं. भिमा धावत आला, उंबऱ्याला ठेचकाळला आणि तोंडावर आपटला. रडत उठला. कुणी मारलं ते सांगायला आजी नव्हती. त्याने स्वतःच उंबऱ्याला मारलं, तर हाताला लागलं. मग त्याने इकडे तिकडे बघितलं. नकोशी त्याला उचलायला उठली होती, वाकली होती. त्याने खुरपं घेतलं आणि दिलं हाणून.

द्वारका आतून आली तेव्हा पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा ओघळ होता आणि डोळा मिटलेला. डोळा गेला! तिने पदराने रक्त पुसलं, चुलीजवळचं हळदीचं बोळकं आणलं आणि जखमेत हळद दाबली. वार भुवईच्या वर होता. डोळा शाबूत होता. जीव भांड्यात पडला आणि लगेच त्या जागी संताप आला. तिने भिमाचं बखोटं धरलं.

“मारतोस? भनीला मारतोस? मारायचं न्हाय! मारायचं न्हाय!”

एकेका शब्दाला एक थप्पड बसत होती. किती बसल्या ते तिलाही कळलं नाही. भिमा रडायचाही थांबला होता, नुसता तिच्या हाताकडे बघत होता, हात कसा वर जातो, कसा खाली येतो.

“आई, नगं मारूस,” नकोशी म्हणाली. “त्याचं लागलेलं बग की.”

द्वारकाने बघितलं. भिमाच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं. पावलाखाली रक्ताचं थारोळं झालं होतं आणि तो त्यातच उभा होता. उंबऱ्याला मारून झालं, बहिणीला मारून झालं, पोराला मारून झालं. अंगठ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

ती मटकन खाली बसली. तिने त्याचा पाय मांडीवर घेतला, धुतला, हळद दाबली. आणि तेव्हा कुठे तो खरा रडला, आईच्या कुशीत तोंड खुपसून, अगदी दोन वर्षांच्या लेकरासारखा. द्वारकाही रडली. नवरा तुरुंगात गेला त्या दिवशीसुद्धा ती एवढी रडली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. बोटांना हळद राहिली होती, ती तिने उंबऱ्याच्या लाकडाला पुसली.

“ह्यालाबी लागलंय,” ती भिमाला म्हणाली. “ह्यो तुला मारायला आला न्हवता. तूच धडाकलास. दोगांनाबी लागलं. दोगांनाबी हळद.”

भिमाने उंबऱ्याकडे नवलाने बघितलं. द्वारकाने तिथेच बसल्या बसल्या ठरवलं. ह्या घरात आता हात उठायचा नाही. पोराचा नाही आणि माझाही नाही.

ठरवणं सोपं असतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी भिमाने आजीच्या पाठीत लाकूड घातलं.

द्वारकाचा हात सवयीने वर गेला. तो तिने खाली घेतला. मग भिमाच्या समोर बसली आणि त्याची दोन्ही मनगटं धरली, घट्टही नाही आणि सैलही नाही. “कुटं दुखलं? राग कशाचा आला? त्ये सांग. हात न्हाय उठवायचा.” पोरगं किंचाळलं, थुंकलं, लाथा झाडल्या, तिच्या दंडाला चावलं. ती बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली. तो दमून सैल पडला तेव्हा तिने हात सोडले आणि त्याला जवळ घेतलं.

असं रोज. कधी वाफ्यात, कधी विहिरीवर, कधी चार बायकांसमोर. खुरपणी मागे पडायला लागली. कुशाबाई कुरकुरायची, “पोराला समजावतीया, जसं काय त्ये वकील हाय.” कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना तर आयती करमणूक मिळाली.

“द्वारका पोराला बेड्या घालती, बग गं!”

“बापाच्या घरची सवय लावतीया आत्तापासनं.”

हे तिला लागलं. असं लागलं की धुण्याचा पिळा दगडावर तसाच वाळला. पण तिने भिमाचे हात सोडले नाहीत.

बाजाराच्या एका सकाळी ती वांग्यांची पाटी डोक्यावर आणि भिमाला हाताला घेऊन कालव्याच्या कडेने निघाली होती. बारामतीला वेळेत पोचलं नाही तर व्यापारी उठतात आणि वांगी तिथेच सुकतात. वाटेत भिमाला उचलून घे म्हणून हट्ट सुचला. पाटी डोक्यावर, उचलणार कशी? त्याने बाभळीची काडी घेतली आणि आईच्या पोटऱ्यांवर सपासप ओढली. काट्याने रक्त आलं.

तिने पाटी उतरवली आणि त्याचे हात धरून बांधावर बसली. बाजारकरू बायका एकेक करून पुढे गेल्या. गाड्या गेल्या. ऊन वर आलं. भिमा काही सैल पडेना. आज त्याच्या अंगात वारं शिरलं होतं.

मागून धोंडाबाई आली. सोपानची बायको. एकेकाळी दोघी रोज जोडीने बाजारला जायच्या, हसत-खिदळत. त्या दिवसापासून धोंडाबाई तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती आणि द्वारकाचीही तिच्याकडे बघायची छाती झाली नव्हती. आताही तिने मान खाली घातली. पावलं थांबली.

“काय करतीयास?” धोंडाबाईने विचारलं.

“हात धरल्यात.”

“कशापायी?”

“त्यानं मारलं. म्या मारलं तर मारायलाच शिकंल. सोडलं, तरीबी त्येच शिकंल.” द्वारकाने त्याची मनगटं पुन्हा नीट धरली. “दुसरं काय करावं, मला ठावं न्हाय.”

धोंडाबाईने स्वतःची पाटी खाली ठेवली. ती अर्धीच भरलेली होती. सोपानचा हात गेल्यापासून त्यांच्या मळ्यात सगळं अर्धंच पिकायचं. तिने द्वारकाची पाटी उचलली आणि त्यातली वांगी आपल्या पाटीत ओतली, शीग लागेपर्यंत.

“धर तू,” ती म्हणाली. “सोडू नगंस. त्याच्या बापाचं हात कुनी असं धरलं असतं, तर माझ्या मालकाच्या हातात आज खोरं असतं.”

भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. द्वारकाचे दोन्ही हात गुंतलेले होते. धोंडाबाई गुडघ्यावर बसली, दात-ओठ खाऊन तिने ती एकटीने डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. द्वारका तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिचे हात मोकळे नव्हते.

त्या दिवसापासून तिला कुणाच्या हसण्याचं काही वाटेनासं झालं.

अडचण एकच राहिली होती, पण तीच मोठी होती. आबांचा खिसा. द्वारका इकडे हात धरायची आणि तिकडे ओसरीवर गूळ वाटला जायचा. सून सासऱ्याला काय बोलणार? एकदा तिने कुशाबाईकरवी सांगून बघितलं, तर आबा भडकले.

“पोराला बायकी करती ती! माझा बा मऊ व्हता. मऊ लागलं की लोक कोपरानं खनत्यात. बांध सरकत सरकत आमचा निम्मा मळा दुसऱ्याच्या घशात गेला, आन् बा नुसता ‘जाऊ द्या’ म्हनत ऱ्हायला. माझ्या घरात पुन्यांदा मऊ मानूस नगं.”

म्हाताऱ्याचं दुःख खोटं नव्हतं. फक्त त्याने शोधलेलं औषध रोगापेक्षा भारी होतं.

मग ती सकाळ आली. आबा दावणीला गोऱ्ह्याचं अंग घासत होते. भिमा डुलत डुलत आला, गोऱ्ह्यासमोर उभा राहिला आणि त्याचं कपाळ तळव्याने ढकलू लागला. आबांनी त्याला झटकन मागे ओढलं.

“आरं, कपाळाला न्हाय हात लावायचा!”

द्वारका शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्याशी कामापुरतंही समोरून बोलली नव्हती.

“आबा,” ती म्हणाली, “त्याला का अडिवलं?”

आबांनी चमकून बघितलं. “मारकं हुईल की गं जनावर.”

“येवड्याशा पोरानं ढकलल्यानं?”

“आगं, आत्ता त्याला त्यो खेळ वाटतुया. पुढं शिंगं फुटत्यात. शिंगं फुटल्यावर खेळ ऱ्हात न्हाय. माणसाचं पोट फाडतं.”

“मग ह्या लेकराच्या कपाळाला तुमी रोज गूळ लावताय, आबा. ह्यालाबी शिंगं फुटतील.”

ती जागची हलली नाही.

आबांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. त्यांनी दावणीची काठी उचलली. “जीभ लांब झाली व्हय तुजी? सर्जा असाच व्हता ल्हानपनी! वाघ व्हता, वाघ!”

“वाघ व्हता, म्हनूनच पिंजऱ्यात हाय.”

हे द्वारका बोलली नव्हती. गोवऱ्या थापता थापता कुशाबाई उठून उभी राहिली होती. शेणाने भरलेले हात, त्यामुळे पदर धरता येत नव्हता. तिचं तोंड उघडं होतं आणि समोरच्या दाताच्या जागचं खिंडार सगळ्यांना दिसत होतं.

“ह्यो दात ऊस खाताना पडला, म्हनून गावाला सांगितलं म्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमाला ठावं हाय कशानं पडला त्यो. सर्जानं तांब्या मारला व्हता. तीन वर्साचा व्हता. तुमी त्याला गूळ दिला. आन् म्या रगात गिळून हसले. समदी हसत व्हती, म्हनून मीबी हसले.”

ती तशीच उभी राहिली, तोंड न झाकता.

आबांच्या हातातली काठी वरच होती. त्यांनी ती खाली आणली आणि तिच्यावर भार देऊन उभे राहिले, जणू ती त्यासाठीच उचलली होती. मग मळ्यात निघून गेले. त्या दिवशी भाकरी त्यांनी तिकडेच खाल्ली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसले तेव्हा खिशातला गूळ काढून त्यांनी नकोशीच्या तळहातावर ठेवला. “अर्दा भावाला दे,” एवढंच म्हणाले, तेही तिच्याकडे न बघता. नकोशीला आजोबांनी काही द्यायची ही पहिलीच वेळ. ती हातावरच्या गुळाकडे बघतच राहिली, मग दाताने तोडून बरोबर अर्धा केला.

म्हणून काही पोरगं एका रात्रीत शहाणं झालं नाही. पोरं अशी होत नाहीत. त्यानंतरही तो चावला, त्याने दगड मारले, एकदा नकोशीच्या केसांचा झुपका उपटला. द्वारकाचाही हात कधी कधी वर जायचा आणि हवेतच थांबायचा. पण पुढच्या उन्हाळ्यात एकदा भिमा उंबऱ्यापाशी आपटला, रडत उठला, त्याने हात उगारला, आणि उगारलेल्या हाताकडे स्वतःच बघितलं. मग तुरुतुरु चुलीकडे गेला आणि हळदीचं बोळकं घेऊन आला. द्वारका दाराआडून बघत होती. ती पुढे झाली नाही.

उंबरा कायमचा पिवळा झाला. शेजारणी चेष्टा करायच्या, “कुशाबाई, तुमच्यात रोजच शुक्कीरवार व्हय?” कुशाबाई म्हणायची, “व्हय, रोजच.”

अठ्ठावन्न साली दिवाळीच्या आधी सर्जेराव सुटला. माफी धरून काही महिने आधीच. आबा बैलगाडी घेऊन बारामतीच्या ठेसनावर गेले. द्वारकाने सकाळपासून घर सारवलं, डाळ शिजत टाकली. हात काम करत होते, मन दुसरीकडे होतं. आदल्या दिवशी ती धोंडाबाईच्या दारात जाऊन आली होती. तिने एवढंच विचारलं होतं, “उद्या ताट उडालं, तर मी पोरांना घिऊन हितं येऊ का?” धोंडाबाईने सोपानकडे बघितलं. सोपानने डाव्या हाताने दाराची कडी काढून दाखवली आणि म्हणाला, “उगडंच आसंल.”

गाडी आली. कुशाबाईने भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. सर्जेराव वाळला होता, पण उंची तीच. तो ओसरी चढला आणि सरळ दारात शिरला. घराची चौकट बुटकी आहे, हे तो चार वर्षांत विसरला होता. वरच्या लाकडावर त्याचं कपाळ असं आदळलं की भिंतीतली माती सांडली.

आणि त्याचा हात उठला. मूठ दाणकन चौकटीवर बसली.

सगळे होते तिथे थिजले. कुशाबाईचा हात तोंडावर गेला. नकोशी खांबामागे सरकली. दुसरा गुद्दा कुणावर येतो, हे ह्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. द्वारका पुढे झाली आणि मुलीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. आबांनी दाराकडे तोंड करून “सर्जा,” एवढंच म्हटलं.

भिमा कुठे गेला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो बापाच्या पायांच्या मधून आत गेला होता आणि दोन्ही हातांत हळदीचं बोळकं सांभाळत परत आला होता. समोरचा उंच माणूस आपला बाप आहे, हे त्याला सांगून ठेवलं होतं, पण तोंडात शब्द बसला नव्हता.

“ओ,” तो म्हणाला. “खाली वाका.”

सर्जेरावने खाली बघितलं.

“वाका की. लागलंय तुमाला.”

तो वाकला. पोराने चिमूट भरून त्याच्या कपाळाला हळद दाबली, फुंकर घातली. मग मान वर करून चौकटीच्या लाकडाकडे बघितलं. हात पुरण्यासारखा नव्हता.

“आता त्याला लावायची,” भिमा म्हणाला. “मला उचला. त्याला लई लागलंय. तुमी त्याला डोक्यानंबी मारलं, आन् हातानंबी.”

सर्जेरावने द्वारकाकडे बघितलं. एरवी तिने नजर खाली घातली असती. आज घातली नाही. त्याची मूठ अजून वळलेली होती. त्याने ती बघितली, जाळीपलीकडे त्या दिवशी बघितली होती तशी. मग बोटं सुटी केली, दोन्ही हात पोराच्या काखांत घातले आणि त्याला वर उचललं. भिमाने हात राखून काम केलं नाही. आख्खं बोळकं लाकडावर रिकामं केलं. सर्जेरावच्या केसांवर, खांद्यांवर हळद सांडली.

जेवायला बसले तेव्हा द्वारकाने डाळीचं कालवण वाढलं. ते फिक्कं होतं. शेजारून हळद आणता आली असती. तिने आणली नव्हती. ताट वाढून ती आत गेली नाही, पोरांना दोन बाजूंना घेऊन दाराशी बसली.

सर्जेरावने पहिला घास घेतला आणि थांबला. वाटीत बघितलं. आबांचा घास हातातच राहिला.

“हळद न्हाय व्हय ह्यात?” सर्जेराव म्हणाला.

“संपली,” द्वारका म्हणाली.

त्याने वर चौकटीकडे बघितलं. पिवळं लाकूड उन्हात नुसतं झळकत होतं. मग त्याने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि फिक्क्या कालवणात बुडवला.